परतीचे डबे

“आतलं सगळं दिसतंय, तर मग झाकण कशाला?” आत्याबाईंनी विचारलं.

पारदर्शकता, टिकाऊपणा, पुनर्वापर, एकावर एक रचायची सोय, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. झाकण कशाला, हे मला अख्ख्या कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं.

“धूळ बसू नये म्हणून,” मी म्हणाले.

“धूळ बसेपर्यंत बांगडी दुकानात राहिली, तर त्यात झाकणाचा काय दोष? दोष कासाराचा.”

एवढं बोलून त्यांनी डबा दाराकडून येणाऱ्या उजेडात धरला. गोल, काचेसारखा स्वच्छ डबा. मधोमध एक दांडी, तिच्यात ओवलेल्या दोन डझन हिरव्या बांगड्या. उजेड आरपार गेला आणि समोरच्या भिंतीवर हिरवे पट्टे पडले. आत्याबाईंनी डबा थोडा फिरवला, पट्टे हलले. त्यांनी पुन्हा फिरवला. मला वाटलं, जिंकले.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “आणि एवढा छान डबा बाई घरी नेणार आणि परत आणून देणार?”

“हो. तीच तर कल्पना आहे.”

“तुझ्या माहेरी देत असतील परत.”

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. बार्शीच्या कासार गल्लीत आमचं, म्हणजे अंदुऱ्यांचं, बांगड्यांचं दुकान. सासरे गेले तेव्हापासून ते आत्याबाई एकट्या चालवत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. इकडं सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत, आणि मी पुण्याची, त्यामुळं पहिले काही महिने माझी जीभ दरवेळी अडखळायची. माझा नवरा मिलिंद कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. बांगडी गोल असते, यापलीकडं त्याला त्या धंद्यातलं काही कळत नाही, आणि तेवढंही त्यानं खात्री करून घेतलं नसावं.

मी शिकले होते वस्तूंची वेष्टनं करायला. माल ज्यात घालून विकतात ते खोकं, पिशवी, डबा कसा असावा, त्याची पदवी. माझ्या आईला हे शेजाऱ्यांना कधी नीट सांगता आलं नाही. ‘डिझायनर आहे’ एवढंच ती म्हणायची, आणि मग शेजारणी मला ब्लाउजच्या गळ्याबद्दल विचारायच्या. लग्न होऊन बार्शीत आले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: दुकानातली गादी. तिच्यावर बसून धंदा करायचा होता. घरी बसून भाजी निवडणं मला जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या भाजी निवडण्यावर घरातही कुणी खूश नव्हतं.

पण गादी आत्याबाईंची होती. गिऱ्हाईक बाईच्या हातात त्या बांगडी कशी चढवायच्या ते बघण्यासारखं असे. कितीही जाड, आखडलेला हात असू दे, त्या तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन गप्पा मारत दाबत राहायच्या, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असायची. बायका भरल्या हातांनी त्यांना नमस्कार करायच्या. मग उरलेल्या बांगड्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून त्यांच्या हातात जायच्या. तो कागद आणि ती सुतळी पाहिली की माझी पदवी दुखायची.

“बरं,” शेवटी आत्याबाई म्हणाल्या. “ही संक्रांत तुझी. वीक तुझ्या डब्यांतून. रथसप्तमीपर्यंत डबे परत आले, तर गादीवर तू बस, मी मागं बसून सुतळी गुंडाळीन. नाही आले, तर पुन्हा मला शिकवायला दुकानात यायचं नाही.”

“किती आले म्हणजे आले?”

“पाच,” त्या म्हणाल्या. “पाच बायकांनी आठवणीनं आणून दिले, तरी आले म्हणीन.”

पाचच. मला त्यांची कीव आली. मी भोसरीच्या कारखान्यातून चांगले शंभर-सव्वाशे डबे करून आणले होते. डबा परत आणणाऱ्या बाईला लाखेच्या बांगड्यांची एक जोडी फुकट, असं मी ठरवलं. एक चिठ्ठी छापून घेऊन सगळ्या झाकणांवर चिकटवली. चिठ्ठीवर पहिलंच वाक्य होतं, ‘आता बांगड्या फुटण्याची भीती नाही.’

ती चिठ्ठी आत्याबाईंनी वाचली आणि डोळे मिटून घेतले.

“कासाराच्या दुकानात हा शब्द?” त्या हळूच म्हणाल्या. “अगं, बांगडी ‘वाढवली’ म्हणायचं. आमच्यात शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे. आणि तू छापून आणलंस.”

सगळ्या चिठ्ठ्या मी नखानं खरवडून काढल्या; परतीचं तोंडीच सांगायचं ठरवलं. त्यात झाकणांवर ओरखडे आले. माझ्या पारदर्शक योजनेवर पहिला ओरखडा माझ्याच नखानं पडला होता, पण तेव्हा मला तो शकुन वगैरे वाटला नाही.

डब्यांनी बार्शी वेडी झाली, यात मात्र काडीचीही अतिशयोक्ती नाही. मी दारातच त्यांचा मनोरा रचला होता. लाल, हिरव्या, मोरपंखी बांगड्या उन्हात अशा दिसत की जाणाऱ्या बायका पायरीवर थबकत. एकीनं बांगड्या घेतल्या की तिच्या दोन जावा संध्याकाळी हजर. डबा हातात घेऊन, झाकण उघडून, लावून, पुन्हा उघडून बघत. एक बाई तर म्हणाली, “बांगड्या कागदात बांधा हो. डबे तेवढे वेगळे द्या, नवे दिसायला हवेत.”

“बघितलंत?” मी आत्याबाईंना म्हणाले. “वेष्टनाचं महत्त्व लोकांना कळतं.”

“कळतंय खरं,” आत्याबाई म्हणाल्या आणि सुतळीचं रीळ माझ्याकडं सरकवलं.

भोगीच्या आदल्या दिवशी शेवटचा डबा गेला. मी दाराशी एक मोठी वेताची टोपली ठेवली, परत येणारे डबे टाकायला. टोपलीला रिबीनसुद्धा बांधली. संक्रांत झाली, किंक्रांत झाली. टोपलीत एक मांजर येऊन झोपायला लागलं.

डबे कुठं गेले ते मला पाटणेवहिनींच्या हळदीकुंकवाला कळलं. वसुधा पाटणे म्हणजे आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, गल्लीच्या टोकाला घर. गोरी, ठेंगणी, सदा घाईत असलेली बाई. त्यांनी मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि माझ्या हातात वाण ठेवलं. वाण म्हणून माझाच डबा होता.

मी डब्याकडं बघितलं. डब्यातून आरपार पाटणेवहिनींकडं बघितलं. एवढ्यासाठी तो पारदर्शक केला नव्हता.

“वहिनी,” मी म्हणाले, “हा आमचा डबा आहे.”

“हो ना. सगळ्यांना इतका आवडला.”

“तसं नाही. हा परत द्यायचा असतो. दुकानात.”

“परत?” वहिनींनी कपाळावरचा घाम पुसला. “अगं, वाण आहे हे. वाण दिलं की दिलं. ते परत द्यायचं नसतं, मागायचं तर त्याहून नसतं. तुझ्या सासूबाईंना विचार हवं तर.”

मागं बसलेल्या दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्या मांडीवरही माझे डबे होते. त्या आठवड्यात मी जमतील तेवढ्या घरी हळदीकुंकवाला गेले. उद्देश एकच, डबे कुठं कुठं पोचले ते बघणं आणि गोड बोलून दोन-चार सोडवून आणणं. झालं उलटंच. दर घरी मला मान मिळायचा, ओटी भरली जायची आणि माझाच आणखी एक डबा हातात पडायचा. सगळ्या गावानं संक्रांतीला माझा डबा लुटला होता. बांगड्यांच्या निमित्तानं मी बार्शीला वाण पुरवलं होतं.

निदान माझ्या वाट्याचे तरी परतले, असं मनाशी म्हणत मी ते सहा-सात डबे दुकानात आणून मांडायला लागले, तर आत्याबाईंनी माझा हात धरला.

“हे कुठले?”

“मिळालेत. वाण म्हणून.”

“मग घरी ठेव. वाण म्हणून आलेलं दुकानात मांडत नाहीत.”

“आत्याबाई, डबा तोच आहे. भोसरीचा.”

“डबा तोच आहे. पण तो तुला कुणीतरी दिलाय. दिलेलं विकायचं नसतं.” मग त्यांनी विषय बदलला. “पाटण्यांकडं काय काय होतं? आरास केली होती? वसुधानं कुठली नेसली होती, ती चंद्रकळा?”

दर हळदीकुंकवाहून आले की त्या मला असं खोदून खोदून विचारायच्या. कोण कोण होतं, मसाला दूध होतं की कॉफी, सुगडं मातीची की हल्ली रंगवलेली आणतात. त्या स्वतः येत नसत. त्यांना बोलवत नसत, आणि बोलवत नाहीत हे कुणी बोलतही नसे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी पुणेरी उत्साहात म्हटलं होतं, “चला की आत्याबाई.” त्या म्हणाल्या होत्या, “दुकान कोण बघेल?” आणि मी खुशाल ते खरं मानून पैठणीच्या निऱ्या करायला गेले होते.

तर मी हरल्यातच जमा होते. मिलिंद म्हणाला, “प्रयोग फसला तरी निष्कर्ष मिळतो.” त्याला मी निष्कर्ष म्हणून त्या रात्री आदल्या दिवशीची भाकरी वाढली.

आणि मग एक दिवस मी दुपारी जेवून दुकानात परतले, तर गल्ल्याजवळ एक डबा.

“परत आला?” मला खरंच वाटेना.

“आला,” आत्याबाई म्हणाल्या.

“कुणी आणला?”

“आणला कुणीतरी.”

डब्यात बोरं होती. चांगली लालसर, गावरान बोरं. मी झाकण काढून बघितलं, तर दांडीला एक पान चिकटलेलं आणि तळाला ओल.

“ह्यात बोरं का घातलीत?”

“रिकामा डबा देतात का कुणी परत?” आत्याबाई म्हणाल्या. “आण इकडं. मी धुऊन ठेवते.”

बोरं तर बोरं. टोपलीतल्या मांजराला मी हाकललं. एक आला होता, चार राहिले होते. दोन दिवसांनी दुसरा आला, तोही मी घरी जेवायला गेले असताना. त्यात हरभऱ्याचे घाटे आणि उसाची दोन पेरं होती, आणि उसाच्या पेरानं आतून लांबलचक ओरखडा काढला होता. तिसऱ्यात गाजराचे तुकडे. चौथ्यात हलवा होता, पण त्याखाली तीळ सांडलेले, आणि तीळ एकदा त्या दांडीच्या खोबणीत शिरला की निघत नाही हे मला सुईनं टोकरताना कळलं. तेवढ्यात आत्याबाईंनी तोही धुवायला म्हणून नेला.

माझ्या आनंदावर विरजण पडलं. म्हणजे डबे परत येत होते, योजना चालली होती, पण ज्या वस्तूची चमक राखायला मी रात्रंदिवस झटले होते, तिची लोकांनी भाजीची पाटी केली होती. घरात उरलंसुरलं कोंबायचं आणि द्यायचं पाठवून. लाखेच्या बांगड्यांची जोडी मागायला मात्र कुणी येत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. फुकटची वस्तू बाई सोडून देते, म्हणजे ती डबा परत करायला आलेली नाही. पण मी आपली तीळ टोकरत बसले होते.

मग मी शहाणपणा केला. एक जाड पांढरा कागद घेतला, त्यावर झोकदार अक्षरात लिहिलं, ‘डबे कृपया रिकामे व स्वच्छ धुऊन परत करावेत. त्यात खाद्यपदार्थ घालू नयेत.’ चारही बाजूंनी जांभळी किनार काढली आणि तो दाराच्या चौकटीवर बरोबर डोळ्यांच्या उंचीला चिकटवला.

आत्याबाईंनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं.

“अक्षर छान आहे तुझं,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून एकही डबा आला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार आले होते, एक हवा होता, आणि मीच दाराला कुलूप घातल्यासारखा कागद लावला होता. पण हे मला कुठं कळत होतं? मला वाटलं, हंगाम सरला. रथसप्तमी जवळ आली तशी माझी झोप उडाली. एका डब्यासाठी गादी जाणार, आणि ‘पुन्हा शिकवायला यायचं नाही’ हे आत्याबाई कधी विसरणार नाहीत. माझ्या घरी माझ्या वाटणीचे सहा-सात डबे होते. त्यातला एक गुपचूप आणून ठेवावा, असंही मनात आलं. पण डब्यावरचा ओरखडा न् ओरखडा आत्याबाई ओळखत असणार, अशी मला भीती होती. प्रामाणिकपणाशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्या दिवसांत दुपारी मी जेवून आले की आत्याबाई दाराकडं तोंड करून बसलेल्या दिसायच्या. मला वाटायचं, माझी हार बघायला बसल्यात.

रथसप्तमीच्या दिवशी मी लवकर जेवून घेतलं आणि दुपारी दुकानातच राहिले. आत्याबाई आत जरा आडव्या झाल्या होत्या. उन्हाची वेळ, गल्लीत सामसूम. तेवढ्यात पाटणेवहिनी येताना दिसल्या. पदराखाली काहीतरी धरलं होतं आणि पदर इतका फुगला होता की गोल डबा आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पाचवा.

वहिनी पायरीपर्यंत आल्या. आत मी दिसले तशा जरा बुजल्या. मग त्यांची नजर कागदावर गेली. त्यांनी तो वाचला, पदर सारखा केला आणि आल्या पावली वळल्या.

मी अनवाणीच धावले.

“वहिनी, थांबा. डबा आणलाय ना?”

“नाही गं, असंच. मंडईत चालले होते.”

“मंडई तिकडं आहे. द्या की डबा.”

वहिनींनी गल्लीत मागंपुढं पाहिलं. मग पदर जरा बाजूला केला. डब्यात सगळंच होतं. बोरं, गाजर, उसाचं पेर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची लोंबी, वर तीळ आणि हलवा. आणि हळदीकुंकवाच्या दोन छोट्या पुड्या.

“रिकामा करून द्यायचा असेल तर नाही देत,” त्या म्हणाल्या. “राग मानू नकोस.”

“पण तुम्हीच म्हणाला होता, वाण परत द्यायचं नसतं.”

“परत कुठं देतेय? मी परत देत नाहीये गं. देतेय.”

उन्हानं पाय पोळत होते.

“लग्नाचा चुडा त्यांनी भरला माझा,” वहिनी घाईघाईनं बोलत होत्या, बोलणं संपवून टाकायचं असल्यासारख्या. “पहिल्या डोहाळजेवणाला, दुसऱ्याला, पोरीच्या लग्नात. दरवेळी ह्या हातांनी. आणि संक्रांतीला सगळी गल्ली माझ्याकडं, त्या तेवढ्या दुकानात. घरी बोलवावं तर आमच्या सासूबाई आहेत, घर डोक्यावर घेतील. मागं एकदा मी सरळ इथं सुगड घेऊन आले, तर अंदुरेकाकूच म्हणाल्या, ‘मला नको गं, तुझ्या घरी चालायचं नाही.’ त्या घेतच नाहीत. मग कदमांची सून म्हणाली, दुकानाचा डबा परत न्यायचा म्हटलं तर त्या नको कशा म्हणतील? आणि डबा काय रिकामा द्यायचा असतो?”

सुगड. बोरं, घाटे, ऊस, गाजर, हलवा. लहानपणापासून आईबरोबर मी सुगडं पुजली होती. मातीच्या सुगडात मला ते वाण दिसलं असतं. माझ्या डब्यात, आरपार, सगळ्या बाजूंनी दिसत होतं, आणि मी म्हटलं घरातलं उरलंसुरलं.

“चार झाल्या,” वहिनी म्हणाल्या. “माझंच घाईत राहून गेलं. आणि आज येते तर तुझा तो कागद.”

मी परत दारापाशी आले, कागद ओढला. तो चांगला चिकटवला होता, निघताना चौकटीचा रंगही घेऊन निघाला. चुरगाळून मुठीत धरला.

“तुम्ही जा आत,” मी म्हणाले. “मी जेवायला चाललेय.”

“अजून जेवली नाहीस?”

“नाही,” मी म्हणाले, आणि घरी जाऊन खरोखरच दुसऱ्यांदा जेवले. मिलिंद बघत राहिला. भाजी चांगली झालीय, एवढंच मी त्याला सांगितलं, आणि ती मीच केलेली असल्यामुळं त्याचा विश्वास बसला नाही.

संध्याकाळी दुकान आवरताना आत्याबाई म्हणाल्या, “आज रथसप्तमी. मोज तुझे डबे.”

मागच्या खोलीत मी कधी फारशी जात नसे. तिथं सुतळ्या, रद्दी आणि मोडके ठोकळे. त्या दिवशी गेले. ‘धुऊन ठेवते’ म्हणालेले डबे तिथं होते. एकही धुतलेला नव्हता. सासऱ्यांच्या तसबिरीखालच्या फळीवर पाच डबे ओळीनं ठेवले होते, झाकणं घट्ट लावून. बोरं सुरकुतली होती, गाजर वाळलं होतं, घाटे पिवळे पडले होते. खिडकीतून उरलासुरला उजेड येत होता आणि आतलं सगळं दिसत होतं. वस्तू चांगली दिसावी म्हणून डबा केला होता मी. त्यात ठेवलेली वस्तू इतकी चांगली दिसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

पाच होते. बरोबर पाच. आत्याबाईंनीच घातलेली अट. ‘पाच आले’ एवढं म्हटलं असतं की गादी माझी होती.

बाहेर आले.

“किती आले परत?” आत्याबाईंनी विचारलं. त्या गल्ल्याला किल्ली लावत होत्या, माझ्याकडं पाठ होती.

“एकही नाही.”

किल्ली फिरायची थांबली.

“आत पाच आहेत ते?”

“ते वाण आहे, आत्याबाई,” मी म्हणाले. “वाण दुकानात मांडत नाहीत. तुम्हीच म्हणालात. ते तुमचं आहे, घरी न्या.”

त्या वळल्या नाहीत. चष्मा काढला, पदरानं पुसला, बराच वेळ पुसत राहिल्या. त्यांच्या हातात एकेक सोन्याची पाटली होती, बाकी काही नव्हतं. गावभरच्या बायकांच्या हातात बांगड्या भरणारे ते हात इतके मोकळे आहेत, हे मी रोज बघत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

“म्हणजे हरलीस,” त्या म्हणाल्या.

“हरले.”

“पुन्हा मला शिकवायला दुकानात येणार नाहीस.”

“नाही.” एवढं म्हणताना मात्र मला रडू आलं. गादी गेली म्हणून आलं की कशानं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी आपली पदरानं नाक पुसत उभी राहिले.

आत्याबाई वळल्या. गादीवर बसल्या, आणि थोड्या बाजूला सरकल्या.

“मग शिकायला ये,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी. आणि आता बस इथं, हात दे. वर्षभर तेच ते प्लॅस्टिकचं घालून फिरतेस कासाराची सून असून.”

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दाबत राहिल्या. पाटण्यांच्या वसुधाला संधिवात झालाय, चंद्रकळा अजून कशी टिकवलीय बाईनं, असं काहीबाही बोलत राहिल्या. बोलता बोलता बांगड्या कधी गेल्या मला कळलं नाही. भरल्या हातांनी मी त्यांना नमस्कार केला. मग उरलेल्या बांगड्या त्यांनी कागदात गुंडाळल्या आणि सुतळीची गाठ मला मारायला लावली. ती सुटली. त्यांनी पुन्हा मारायला लावली.

आता गादीवर मी असते. आत्याबाई मागं खुर्चीवर बसतात आणि माझ्या गाठी तपासतात. डबे पुन्हा कधी केले नाहीत. पण बार्शीत कुणाच्याही घरी जा, कुठं वातींना, कुठं गोळ्यांना, कुठं शेंगदाण्याच्या चटणीला माझा डबा असतो, आणि चटणीवाल्यांचा तर आतून पार पिवळा झालेला असतो. पुनर्वापर म्हणतात तो हाच असावा. कॉलेजात याचे गुण मिळाले नसते.

संक्रांत ते रथसप्तमी दुपारच्या वेळी मात्र मी दुकानात सापडणार नाही. भूक असो वा नसो, मी घरी जेवायला जाते आणि येताना गल्लीच्या टोकाला जरा जास्तच वेळ रेंगाळते.